गाडी उभी, तरी टायर म्हातारा

जूनचा पहिला दमदार पाऊस झाला की वसई फाट्यापासून पेल्हारपर्यंत टायरच्या दुकानांपुढे गाड्या लागतात. प्रश्न ठरलेले असतात. "अजून नक्षी दिसतेय, मग बदलायचा कशाला?" "गाडी बावीस हजारच चाललीय, टायर चाळीस हजार चालतो म्हणतात ना?" "दोनच घेतले तर पुढे लावायचे की मागे?" दुकानदार उत्तर देतो, पण त्याला टायर विकायचा असतो. शेजारीही देतो, पण ते त्याच्या गाडीचं उत्तर असतं.

वसई-विरारमध्ये या गोंधळाला खास स्थानिक कारण आहे. इथल्या घरातला कमावता माणूस सकाळी लोकल पकडतो आणि गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहते. रविवारी अर्नाळा किंवा वज्रेश्वरी, मे महिन्यात गाव, गणपतीत कोकण. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. या हिशेबाने चाळीस हजार किलोमीटर व्हायला आठ ते दहा वर्षं लागतील. तोवर नक्षी शाबूत राहते, पण रबर मरून जातं. त्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरचा टूरिस्ट गाडीवाला विमानतळ आणि सुरतच्या फेऱ्या मारून तेवढंच अंतर वर्षाच्या आत संपवतो. त्याचा टायर ताजा असतानाच गोटा होतो.

म्हणून "किती किलोमीटरला बदलायचा" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. टायर तपासताना चार गोष्टी बघायच्या: खाचांची खोली, जन्मतारीख, झीज कुठे आहे ती जागा, आणि जखमा. या चारपैकी कोणतीही एक गोष्ट बिघडली तरी टायर बदलायची वेळ आलेली असू शकते, बाकीच्या तीन कितीही चांगल्या दिसोत.

खाचेतली पट्टी काय सांगते?

टायरच्या मुख्य खाचांमध्ये आडव्या, बुटक्या रबरी पट्ट्या असतात. त्या सहज सापडत नाहीत, म्हणून टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण किंवा इंग्रजीत 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं कोरलेली असतात. तिथून सरळ आत बोट न्या, पट्टी लागेल. तिची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजत झिजत या पट्टीच्या पातळीवर आली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खोली हवी. दुचाकी आणि रिक्षासाठी ती मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. त्याखाली गाडी चालवणं हा नियमभंग आहे, मग गाडी खासगी असो की टूरिस्ट.

मोजायला खोली मापक मिळतो आणि तो महागही नसतो. तो नसेल तर काडीपेटीतली काडी खाचेत उभी धरा, वरच्या पातळीला नखाने खूण करा आणि फूटपट्टीवर टेकवा. मात्र पट्टीवर काडी ठेवू नका, दोन पट्ट्यांच्या मधली जागा घ्या. आणि एकाच ठिकाणी मोजून थांबू नका:

- प्रत्येक टायर आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला असा तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा तोच खरा.
- पुढच्या टायरची आतली कड सहसा नजरेला पडत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे ती दिसते.
- मागच्या टायरची आतली कड पाहायला मोबाइल गाडीखाली धरून फोटो काढा. बाहेरून देखणा टायर आतून तारेपर्यंत गेलेला असतो, हे बहुतेकांना टायर उतरवल्यावरच कळतं.

आता खरा मुद्दा. १.६ ही कायद्याची मर्यादा आहे. पावसाला ती कळत नाही. नव्या टायरची खोली साधारण सात ते आठ मिलिमीटर असते आणि खाचांचं मुख्य काम चाकाखालचं पाणी बाहेर फेकणं हे आहे. खोली तीन मिलिमीटरच्या खाली आली की ओल्या रस्त्यावर ब्रेक लावल्यानंतर गाडी ठळकपणे जास्त अंतर घेते. वेग असेल तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगू लागतो, आणि तेव्हा स्टिअरिंग फिरवून काहीच होत नाही. ससूनवघर-मालजीपाड्याच्या पट्ट्यात पावसाळ्यात महामार्गावर पाणी साचतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथे कायद्यापुरता टायर घेऊन जाणं शहाणपणाचं नाही.

म्हणून इथल्या माणसाने मोजणी मे महिन्यात करावी. मे महिन्यात काटा तीनवर किंवा त्याखाली असेल तर पावसाआधी टायर बदला, "एवढा पावसाळा काढू" म्हणू नका. तोच आकडा ऑक्टोबरात आला तर घाई नाही. कोरड्या महिन्यांत तो टायर वापरा आणि पुढच्या मेमध्ये पुन्हा मोजा. याने सुरक्षितताही राहते आणि पैसेही वाया जात नाहीत.

चार आकडी जन्मतारीख

टायरच्या बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे जूनचा सुरुवातीचा काळ. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. दिसले नाहीत तर टायर फिरवून, गाडीखाली वाकून शोधा.

खासगी गाडीचा टायर अमुक वर्षांनी बदललाच पाहिजे असा कायदा भारतात नाही. पण टायर बनवणारेच सांगतात, की पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून तपासणी हवी आणि दहा वर्षांनंतर टायर कितीही चांगला दिसला तरी काढून टाकावा. अनेक मोटार कंपन्यांचा सल्ला याहून कडक, सहा वर्षांचा आहे.

मग तुम्ही कोणता आकडा धरायचा? गाडी तळघरात किंवा पत्र्याखाली सावलीत उभी राहत असेल आणि भिंतीवर चिरा नसतील, तर सहा वर्षांनंतरही दर वर्षी तपासून चालवता येईल. उघड्यावर, उन्हापावसात उभी असेल तर सहा वर्षांना थांबा. वसई-विरारमधल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या गटात मोडतात, ही अडचण आहे. ऊन आणि हवेतला ओझोन रबर कडक करतात. भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसू लागतात, आणि नखाने दाबलं तर पूर्वीसारखं रबर दबत नाही. कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, मग खाचा आठ मिलिमीटर खोल असल्या तरी त्यांचा उपयोग अर्धाच.

उभ्या गाडीचा आणखी एक त्रास. आठवडेच्या आठवडे एकाच जागी वजन पेलून टायर तळाशी चपटा होतो आणि चालवताना गाडी धडधडते. थोडं अंतर चालवल्यावर धडधड गेली तर काळजी नाही. गेलीच नाही तर टायर कायमचा बसला. उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा गाडी बाहेर काढा, निदान दोन-तीन हात पुढेमागे करून ठेवा.

आगाशी, अर्नाळा, रानगाव, भुईगाव या किनाऱ्याजवळच्या गावांतल्या वाचकांनी रिमकडेही बघावं. खाऱ्या हवेने पत्र्याच्या रिमला गंज लवकर चढतो. टायरची कड रिमवर जिथे बसते तिथेच गंज असेल तर हवा सुईएवढ्या वाटेने निघत राहते. पंक्चर सापडत नाही आणि दर पंधरा दिवसांनी हवा कमी होते. अशा वेळी टायर बदलून उपयोग नाही. तो उतरवून रिमची कड घासून साफ करून घ्यावी लागते.

टायर 'खातोय' कुठून?

गॅरेजवाले म्हणतात, "टायर खातोय." कुठून खातोय यावर रोग कळतो, आणि रोग न काढता नवा टायर घातला तर तोही तसाच जाईल.

- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग शाबूत: हवा कायम कमी राहिली.
- मधला भाग गेला, कडा शाबूत: हवा कायम जास्त राहिली.
- एकच कड गेली: अलाइनमेंट बिघडलं आहे. खड्ड्यातली एक जोरदार आपटही त्याला पुरते.
- हात फिरवला की एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीसारखं लागतं: हेही अलाइनमेंटच.
- थोड्या थोड्या अंतरावर वाटीसारखे खड्डे: शॉक ॲब्सॉर्बर थकले आहेत किंवा बॅलन्सिंग गेलं आहे.

शेवटचा प्रकार असेल तर दुकानदार आधी टायर विकायला बघेल. त्याला थांबवा आणि गाडी आधी सस्पेन्शनच्या मेकॅनिककडे न्या. अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, चार टायरना काही हजार. अलाइनमेंटचा छापील कागद मागून घ्या. त्यावर दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे असतात. कागद देत नसतील तर काम झालं की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पुढचे आणि मागचे टायर दर आठ ते दहा हजार किलोमीटरला आपापसांत बदलून घ्या. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत पुढचे टायर लवकर झिजतात, आणि अदलाबदल केली तर चारही बरोबरीने संपतात. वर्षाला पाच हजारच चालवत असाल तर दोन वर्षांतून एकदा पुरे.

जखमा: इथे थांबायचं नाही

टायरच्या बाजूला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्यांचा विणलेला थर तुटला आहे आणि हवा केवळ रबराच्या पापुद्र्याने अडवून ठेवली आहे. याला दुरुस्ती नाही. "बारीक आहे, चालेल काही दिवस" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. फुगा घेऊन महामार्गावर जाऊ नका. स्टेपनी लावा आणि दुकान गाठा.

हे फुगे आपल्या भागात इतके का दिसतात, हे सांगायला तज्ज्ञ नको. दहिसर ते अच्छाड या १२१ किलोमीटरच्या पट्ट्यात महामार्गाचं काँक्रिटीकरण चालू असताना नव्या आणि जुन्या थरांत ज्या पायऱ्या तयार झाल्या, त्यांवर वेगात चढलेल्या चाकांनी हे भोगलं आहे. आतल्या रस्त्यांवरचे खड्डे वेगळेच. खड्डा चुकणार नसेल तर ब्रेक त्याच्या आधी लावा आणि चाक खड्ड्यात जाताना पाय काढून घ्या. ब्रेक दाबलेलं चाक खड्ड्याची कड जास्त जोरात खातं.

कापल्याच्या जागी आतले दोरे किंवा तार दिसली, तरीही टायर गेला. नियम ९४ मध्येही हे आहे.

पंक्चरचं गणित निराळं. जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा गेला असेल आणि भोक साधारण सहा मिलिमीटरपर्यंत असेल तर दुरुस्ती नीट होते. बाजूच्या भिंतीला किंवा खांद्याला भोक असेल तर होत नाही, कोणी करून दिली तरी तिच्यावर भरवसा नको. बाहेरून चिकट दोरी खुपसणं ही वाटेतली सोय. टायर उतरवून आतून मशरूम, म्हणजे त्या आकाराचा रबरी पॅच, लावणं ही टिकाऊ दुरुस्ती. हवा गेलेल्या टायरवर गाडी दोन-चार किलोमीटर चालली असेल तर टायर उतरवायला सांगा आणि आत हात फिरवा. काळी रबराची भुकटी हाताला लागली तर भिंत आतून दळली गेली आहे. तो टायर पुन्हा फुगवू नका.

आणि पंक्चर काढताना खुर्चीत बसून मोबाइल बघू नका. टायर पाण्यात बुडवला की बुडबुडे कुठून आणि किती ठिकाणांहून येतात ते स्वतः मोजा. एका खिळ्याची पाच पंक्चर होण्याचा चमत्कार मालक शेजारी उभा असताना सहसा घडत नाही.

हवा: फुकट आणि दुर्लक्षित

हवा किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. हवा थंड टायरवर तपासा, म्हणजे गाडी निघाल्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत. गाडी तापून आल्यावर काटा तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. ते बघून हवा काढून टाकली तर सकाळी टायर उपाशी. उभ्या गाडीची हवाही हळूहळू जातेच, म्हणून निदान दर पंधरा दिवसांनी आणि लांबच्या प्रवासाआधी तपासा. पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळणं ही पंपाची जबाबदारी आहे. नायट्रोजनला पैसे द्यायचे की नाही, ही तुमची मर्जी. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

चार, दोन की एक?

चारही एकदम बदलता आले तर उत्तम, पण दर वेळी खिशाला परवडत नाही. दोन बदलायचे तर एकाच आसाचे दोन्ही बदला, आणि दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घ्या.

नवे दोन कुठे लावायचे? मागे. यावर दुकानात हमखास वाद होतो. "इंजिन पुढे, ब्रेकचा जोर पुढे, मग चांगले टायर मागे कशाला?" युक्तिवाद पटण्यासारखा आहे, पण ओल्या वळणावर तो टिकत नाही. पुढचं चाक घसरलं तर गाडी वळणाबाहेर सरळ जाऊ पाहते. पाय उचलला, वेग उतरला की ती बहुधा हाताशी येते. मागचं चाक घसरलं तर गाडी गर्रकन फिरते आणि सराईत चालकालाही ती सावरत नाही. म्हणून नवे मागे आणि मागचे बरे टायर पुढे. पुढचे जुनेही तीन मिलिमीटरच्या वर असले पाहिजेत, हे वेगळं सांगायला नको.

एकच टायर फाटला असेल आणि जोडीदाराची खोली जवळपास नव्याएवढीच असेल, तर एक घेऊन चालतं. जोडीदार अर्धा झिजला असेल तर दोन घ्या आणि जुना चांगला टायर स्टेपनीत टाका.

दुकानात गेल्यावर

भिंतीवरचा '१८५/६५ आर१५ ८८एच' हा मजकूर उतरवून न्या. रुंदी १८५ मिलिमीटर, उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरने पेलायचं कमाल वजन ५६० किलो, आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. वजनाचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीही घेऊ नका. सात जणांच्या गाडीत गणपतीला सामानासह माणसं भरली की याचं महत्त्व कळतं.

आकार बदलायचा मोह होत असेल तर एक हिशेब करा. १६५/८० आर१४ या टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, आणि १८५/६५ आर१५ चा सुमारे ६२२. रिम मोठी झाली तरी चाक जवळपास तेवढंच राहिलं, म्हणून एकाच मॉडेलच्या खालच्या-वरच्या प्रकारांत हे दोन्ही आकार दिसतात. व्यास फारसा बदलला की स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि टायर आतल्या पत्र्याला घासतो. कंपनीच्या पुस्तिकेत जे आकार दिलेत त्यांच्या बाहेर जाऊ नका.

पैसे देण्यापूर्वी एवढं करा:

- चारही टायरचे चार आकडी कोड वाचा. सहा-आठ महिन्यांचा टायर शिळा नसतो. दीड-दोन वर्षांचा निघाला तर दुसरा मागा. दुकानदार ताजा माल दाखवणार नसेल तर दुसरं दुकान बघा.
- आयएसआय खूण पाहा. मोटारींच्या टायरना ती सक्तीची आहे.
- जीएसटीचं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ४,००० रुपये धरली तर पूर्वी ५,१२० द्यावे लागत, आता ४,७२०. बिलावर अजून २८ लावलेले दिसले तर हरकत घ्या.
- बिलावर टायरचा अनुक्रमांक, गाडीचा नंबर आणि त्या दिवशीचे किलोमीटर लिहून घ्या. वॉरंटी याच कागदावर मिळते.
- नवा वॉल्व्ह आणि बॅलन्सिंग किमतीत धरलं आहे का, ते आधीच विचारा. जुन्या वॉल्व्हचं रबरही टायरबरोबरच म्हातारं झालेलं असतं.

जुन्या टायरच्या बाजारापासून मात्र लांब राहा. गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा कोरतात, वर काळं पॉलिश मारतात आणि "सेकंड हँड, ऐंशी टक्के" म्हणून विकतात. खाच खोल झाली ती तळाच्या रबराचा थर कापून, त्यामुळे तार आणि रस्ता यांच्यामध्ये फारसं काही उरत नाही. ओळख अशी, की खाचेतल्या आडव्या पट्ट्या गायब असतात किंवा कापलेल्या दिसतात, आणि खाचेचा तळ खरबरीत असतो. पण ओळख पटवत बसण्यापेक्षा एका साध्या कंपनीचा नवा टायर घेणं केव्हाही बरं.

तुमचे हक्क, आणि त्यांच्या मर्यादा

नव्या गाडीच्या टायरची वॉरंटी बहुधा मोटार कंपनीची नसते, टायर कंपनीची असते. ती बनावटीतल्या दोषापुरती असते आणि नक्षी जितकी वापरली गेली तितकी रक्कम कापली जाते. खड्ड्याने आलेला फुगा 'आघात' म्हणून नाकारतात. काही कंपन्या ठरावीक मुदतीत असं नुकसानही भरून देतात, पण त्यासाठी खरेदीनंतर नोंदणी करावी लागते. ती दुकानातच करून घ्या. दावा नाकारला तर कंपनीच्या तपासनिसाचा लेखी अहवाल मागा. तोंडी नकार घेऊन परत येऊ नका.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करता येते, विक्रेता कुठलाही असो. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. तक्रार 'ई-जागृती' पोर्टलवर घरबसल्या नोंदवता येते.

विम्याबद्दल गैरसमज फार आहेत. नेहमीच्या सर्वसमावेशक पॉलिसीत नुसता टायर फाटला तर काहीही मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत भरपाई मिळते. टायरसाठी वेगळं जोड संरक्षण विकत मिळतं. गाडी नवी आणि टायर महाग असतील तर ते परवडतं, बाकीच्यांनी त्या पैशात दोनदा अलाइनमेंट करावं.

खड्ड्याचं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही भरपाई माणसाच्या जिवाची आणि दुखापतीची आहे. फुटलेल्या टायरची नाही.

लांबच्या रस्त्याला निघताना

नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. टायर फुटला, असं चालकाने सांगितलं. अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नसल्याचं म्हटलं होतं. अपघात झाला की दोष टायरच्या माथी मारणं सोपं जातं, आणि टायर खरोखर फुटतो तेव्हाही बहुधा मागे कमी हवा, जास्त ओझं आणि सलग वेग असतो. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, तापते आणि शेवटी सुटते.

त्याच वर्षी परिवहन विभागाने समृद्धीच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासणी सुरू केली आणि गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. वसईहून शिर्डीला किंवा नागपूरला जाणाऱ्यांनी ही तपासणी घरीच करून निघावं. काँक्रीटवर तासन् तास एकाच वेगाने जाताना टायरला विसावा मिळत नाही. दोन तासांनी थांबा, चारही टायरच्या भिंतीवर तळहात टेकवून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला तर त्याची हवा गेली आहे किंवा ब्रेक धरतो आहे.

उतरवलेले टायर आणि डिकीतला पाचवा

जुने टायर गच्चीवर किंवा कंपाउंडला टेकवून ठेवू नका. पावसाचं पाणी त्यात साचतं आणि डेंग्यूच्या डासाला ती जागा फार आवडते. दुकानदाराला परत द्या, बिलात त्याची वजावट मागा. असे टायर पुढे कुठे जातात तेही ठाऊक असू द्या: आपल्याच जिल्ह्यात वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने आहेत, आणि त्यांच्या धुराविरुद्ध गावकऱ्यांच्या तक्रारीही आहेत.

राहिला पाचवा टायर. 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधल्या लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तिथे १९०४ मध्ये डेव्हिस बंधूंनी जादा चाक विकायला सुरुवात केली. इंग्लंडात हा शब्द जवळजवळ विसरला गेला, पण नालासोपाऱ्याचा पंक्चरवाला तो रोज वापरतो. २०२० च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असलेल्या गाड्यांना स्टेपनीची सक्ती राहिली नाही. त्यामुळे नवी गाडी घेताना डिकी उघडून विचारा. काही गाड्यांत बारीक, तात्पुरती स्टेपनी देतात. तिच्यावर लिहिलेला वेग, बहुधा ताशी ८० किलोमीटर, ओलांडायचा नसतो.

पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर ती न वापरता म्हातारी झालेली असते. गाडी २०१७ ची असेल तर स्टेपनीही २०१७ ची, नक्षी कोरी करकरीत आणि हवा बहुधा निम्मी. चार टायर बदलले तरी ती कोणी बघत नाही. या रविवारी डिकीतलं सामान बाहेर काढा, खालचा गालिचा उचला, तिचे चार आकडे वाचा आणि तिच्यातही हवा भरून घ्या.